सातबाऱ्यावर नसलेली माती
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्रात जमिनीचा सर्वांत परिचित दस्तऐवज म्हणजे सातबाऱ्याचा उतारा. भूधारकाचे नाव, गट क्रमांक, हेक्टर-आरमध्ये क्षेत्र, आकारणी, इतर हक्कांत सोसायटीचा अथवा बँकेचा बोजा, कोणत्या हंगामात कोणते पीक घेतले त्याची नोंद, असा बराच तपशील या एका कागदावर सापडतो. वारसा, वाटणी, कर्ज, खरेदी, कोर्टकचेरी हे सारे व्यवहार याच कागदाच्या आधारे चालतात. परंतु त्या क्षेत्रावर प्रत्यक्षात माती किती उरली आहे, हे सांगणारा रकाना त्यावर नाही. आजोबांच्या काळी दोन हात खोल काळी माती असलेल्या शेतात नातवाच्या काळी नांगराच्या फाळाला मुरूम लागू लागला, तरी उताऱ्यावरचे क्षेत्र तेवढेच राहते आणि आकारणीही तेवढीच राहते. कागदावर जमीन पूर्ण असते. रानात ती थराथराने कमी होत जाते.

व्यापार-उदिमात वावरणाऱ्या श्रोत्यांना ही विसंगती चटकन लक्षात येईल. दुकानातील फर्निचरवर, कारखान्यातील यंत्रावर, मालवाहू गाडीवर दरवर्षी घसारा लावला जातो. ताळेबंदात तो दाखवला नाही तर नफा फुगलेला दिसतो आणि मालक मुद्दल खात असूनही आपण व्याजावर जगतो अशा भ्रमात राहतो. शेतीच्या हिशेबात बियाणे, खते, मजुरी, फवारणी हे सारे येते. मातीचा घसारा तेवढा येत नाही.

हा घसारा किती आहे, याचा एक अंदाज देशातील मृदसंधारण शास्त्रज्ञांनी १९८३ साली मांडला. ध्रुव नारायण आणि राम बाबू यांच्या त्या अभ्यासानुसार भारतात दरवर्षी सुमारे ५३३ कोटी टन माती आपल्या जागेवरून सुटते. हेक्टरी सरासरी १६.४ टन. या मातीपैकी सुमारे २९ टक्के कायमची समुद्राला मिळते, सुमारे १० टक्के धरणांच्या जलाशयांत गाळ म्हणून बसते आणि उरलेली ६१ टक्के एका ठिकाणाहून उठून दुसऱ्या ठिकाणी जाऊन पडते. हेक्टरी १६.४ टन म्हणजे एकरी सुमारे साडेसहा टन. थराच्या भाषेत सांगायचे तर वर्षाला साधारण सव्वा मिलिमीटर. पोस्टकार्डाच्या तीन-चार जाडीएवढा हा थर कोणाच्याही नजरेत भरत नाही. परंतु याच गतीने वीस वर्षांत एक इंच आणि पन्नास वर्षांत, म्हणजे या संस्थेने आज ज्या कालखंडाची पूर्तता केली आहे तेवढ्या काळात, अडीच इंच माती हलते. ही देशाची सरासरी आहे. कुठे प्रमाण कमी, कुठे बरेच अधिक. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून एक इंच माती तयार होण्यास मात्र शेकडो वर्षे लागतात. जमा आणि खर्च यांचा हा मेळ कोणत्याही हिशेबनिसाला चिंतेत टाकणारा आहे.

विशेष असे, की मातीची खोली मोजण्याची पद्धत या प्रदेशाला नवी नाही. कंपनी सरकारच्या काळात प्रिंगल याने केलेली सारा-आकारणी फसल्यानंतर १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नवी मोजणी सुरू केली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले. त्या पद्धतीत शेताचे भाग पाडून प्रत्येक भागातील मातीची खोली हातांत मोजली जाई. पावणेदोन हात खोलीची उत्तम माती पहिल्या प्रतीत, म्हणजे सोळा आण्यांत धरली जाई. खोली कमी होईल तशी प्रत उतरत जाई. चुनखडी, वाळूचे मिश्रण, उतार, पाण्याच्या लोंढ्याखाली येण्याचा संभव असे दोष आढळले तर प्रत आणखी खाली येई. सारा ठरवण्यासाठी, म्हणजे रयतेकडून घेण्यासाठी, सरकारने माती इतक्या बारकाईने मोजली. त्याच मातीचे पुढे काय झाले, हे पाहण्यासाठी ठराविक वर्षांनी पुन्हा मोजण्याचा परिपाठ मात्र रुजला नाही. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब असे बारा घटक तपासण्यात येऊ लागले. हे काम निश्चितच मोलाचे आहे. परंतु त्या बारांमध्येही खोली नाही. शिवाय बागायती क्षेत्रात अडीच हेक्टरला एक आणि जिरायती क्षेत्रात दहा हेक्टरला एक नमुना, असे त्या योजनेचे सुरुवातीचे परिमाण असल्याने एका शेतकऱ्याच्या हातातील पत्रिका कित्येकदा शेजाऱ्याच्या मातीवरून तयार झालेली असे.

माती वाचवण्याचे कायदे झाले नाहीत असे नव्हे. १९३० च्या दशकात सोलापूर येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. पावसाच्या पाण्याचा जोर मोडून माती जागेवर राखण्यासाठी समपातळी बांधांचा पुरस्कार झाला. त्यापाठोपाठ १९४२ चा मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम आला. खासगी जमिनीवर बांधबंदिस्तीची योजना आखण्याचा, ती अमलात आणण्याचा आणि तिच्या खर्चाचा भाग जमीनधारकांकडून वसूल करण्याचा अधिकार त्याने शासनाला दिला. दुष्काळी कामांतून आणि पुढे स्वातंत्र्योत्तर योजनांतून हजारो एकरांवर असे बांध पडले. अभियंत्यांची आखणी शास्त्रशुद्ध होती. तरीही पुष्कळ ठिकाणी काही वर्षांतच शेतकऱ्यांनी ते बांध नांगरून सपाट केले.

त्याचे कारण अडाणीपणा नव्हते. समपातळीची रेषा जमिनीच्या चढउतारानुसार वळत जाते. शेताची हद्द मात्र वाटण्या आणि खरेदीखते यांनी ठरलेली असते. सरकारी बांध एका शेताच्या मधूनच तिरपा जाई. त्यामुळे कोपरे निरुपयोगी होत, औत वळवता येत नसे, भारी काळ्या जमिनीत बांधाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून पीक पिवळे पडे. बांध फुटला तर एकवटलेला लोंढा खालच्या शेतकऱ्याच्या रानात शिरे आणि दोन घरांत पिढीजात वैर सुरू होई. बांध ज्याच्या शेतात, तोटा त्याला, लाभ खालच्याला, आणि निर्णय जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या तिसऱ्याचा. शेतकऱ्यांची स्वतःची पद्धत वेगळी होती. ते हद्दीवर ताली घालत, ओढ्यात दगड रचून वाहती माती अडवत आणि वर्षानुवर्षे थोडी थोडी उंची वाढवत शेत सपाट करत. त्या पद्धतीत शास्त्राच्या दृष्टीने उणिवा होत्या. पण ती माणसांच्या हद्दी ओळखत होती.

हद्दीचा विषय निघाला म्हणजे बांधकोरीचा उल्लेख अपरिहार्य आहे. दरवर्षी नांगरताना बांधाचा एक तास आपल्या बाजूने कोरून घ्यायचा, ही सवय महाराष्ट्राच्या खेड्यांत सर्वपरिचित आहे. दोन्ही अंगांनी कोरत कोरत तीन हातांचा बांध वीतभर उरतो आणि एखाद्या वळवाच्या पावसात वाहून जातो. एका तासाच्या लोभात दोघांचीही माती जाते. त्यापायी तंटे तालुक्यापर्यंत पोहोचतात, भावाभावांत बोलणे बंद होते. शेतांचे तुकडे जसजसे लहान होत गेले तसतशी ही ओढाताण वाढली. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराची सरासरी धारणा १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टर उरली. जितके तुकडे अधिक, तितके बांध अधिक, आणि जितके बांध अधिक, तितकी सहमती घडवून आणण्याची गरज अधिक.

या सहमतीच्या आड शासनाची रचनाही येते. डोंगराचा माथा वनखात्याकडे, त्याखालचे गायरान ग्रामपंचायतीच्या ताब्यात, त्याखालची शेते खासगी, ओढ्यावरील कामे जलसंधारण विभागाकडे, मुरूम आणि वाळू यांवर महसूल खात्याचा अधिकार, आणि पिकांचा सल्ला कृषी खात्याचा. पावसाचे पाणी मात्र माथ्यावरून निघते आणि कोणत्याही खात्याची हद्द न पाहता पायथ्याशी येते. मुरमाचा प्रत्येक ब्रास नियमानुसार स्वामित्वधनास पात्र ठरतो. अतिवृष्टीने जमीन खरडून गेली तर पंचनामा होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात झालेल्या हानीनंतर खरडून गेलेल्या जमिनींसाठी राज्य शासनाने स्वतंत्र मदत जाहीर केली, हेही योग्यच झाले. परंतु दरवर्षी सव्वा मिलिमीटरने जाणाऱ्या मातीचा पंचनामा कोणीच करत नाही, कारण ती कोणत्याही एका दिवशी जात नाही.

मग माती राहते कुठे? जिथे ती राहिली, अशा ठिकाणांचा विचार केला तर एक समान सूत्र हाती लागते.

चंदीगडच्या सुखना तलावाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९५८ साली बांधलेला हा तलाव पंधरा-वीस वर्षांतच गाळाने भरू लागला. शास्त्रज्ञांनी माग काढला तेव्हा गाळाचा मोठा उगम शिवालिकच्या टेकड्यांवर, हरियाणातील सुखोमाजरी या छोट्या गावाच्या परिसरात सापडला. गुरेशेळ्यांच्या चराईने टेकड्या उघड्या पडल्या होत्या. मृदसंधारण केंद्राचे पी. आर. मिश्रा यांनी तेथे बांध घातले, झाडे लावली. पण गावकऱ्यांची गुरे टेकडीवर जातच राहिली. शहराच्या तलावासाठी गावाने आपली गुरे उपाशी का ठेवावीत, हा गावाचा प्रश्न रास्त होता. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात टेकडीखाली छोटा तलाव बांधला गेला आणि त्याचे पाणी गव्हाला मिळू लागले, तेव्हा परिस्थिती पालटली. टेकडीवरची माती राहिली तरच तलाव टिकेल, हे गावाला स्वतःच्या शिवारात दिसले. तरीही एक पेच उरला. ज्यांना शेतीच नाही त्यांनी चराई का सोडावी? त्यावर गावाने तोडगा काढला. तलावाच्या पाण्यात प्रत्येक कुटुंबाला समान हिस्सा, जमीन असो वा नसो. ज्याला पाणी नको त्याने आपला हिस्सा विकावा. या निर्णयानंतर टेकडीला काटेरी तारेची गरज उरली नाही. गावानेच तिच्याभोवती सामाजिक कुंपण घातले. पुढे टेकडीवरच्या भाबर गवताचेही उत्पन्न येऊ लागले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस या व्यवस्थेत शैथिल्य आणि मतभेद आल्याची वृत्ते आली. त्यावरूनही हेच दिसते, की अशी व्यवस्था एकदा उभारून संपत नाही; हिस्सेवाटप जोपर्यंत सर्वांना न्याय्य वाटते तोपर्यंतच ती टिकते.

महाराष्ट्रात याच सुमारास पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे असाच विचार स्वतंत्रपणे आकाराला येत होता. १९७२ च्या भीषण दुष्काळात पुण्याचे उद्योजक-अभियंता विलासराव साळुंखे यांनी खडी फोडणारी माणसे पाहिली आणि कायमस्वरूपी उपायाच्या शोधात त्यांनी नायगावच्या देवस्थानाची सुमारे चाळीस एकर उजाड जमीन दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली. उतारावर बांध घातले, खाली पाझर तलाव केला, विहीर खोदली, वरच्या भागात झाडे आणि गवत राखले. ओसाड रानात पीक उभे राहिले. त्या अनुभवातून उभ्या राहिलेल्या पाणी पंचायतीचे नियम आजही अभ्यासण्याजोगे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी द्यायचे; दर माणशी अर्धा एकर भिजेल इतके आणि एका कुटुंबाला कमाल अडीच एकरांपर्यंत. भूमिहीनांनाही पाण्याचा हक्क. ऊस घ्यायचा नाही. योजनेच्या खर्चातील वीस टक्के वाटा लाभधारकांनी स्वतः उचलायचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. विलासराव २००२ साली निवर्तले. पण या नियमांतील प्रत्येक अट ही कोणाच्या तरी संभाव्य तक्रारीचे आधीच शोधलेले उत्तर आहे, हे त्यांच्या कार्याचे मर्म होय.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे तिसरे उदाहरण. वर्षाकाठी सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उघड्या टेकड्या, दारू आणि भांडणे यांनी पोखरलेले आणि पोटासाठी स्थलांतर करणारे हे गाव होते. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री ग्रामसभेने स्वीकारली. रोजगार हमी आणि आदर्श गाव योजनेच्या निधीतून माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, बांध आणि बंधारे झाले. सिंचनासाठी कूपनलिका घेण्यास मनाई झाली, ऊस आणि केळी यांसारख्या अधिक पाणी पिणाऱ्या पिकांना आळा घातला गेला आणि गावची जमीन बाहेरच्यांना विकायची नाही असे ठरले. पावसाळा संपला की उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून रब्बीत कोणती पिके घ्यायची हे ठरवण्याची पद्धत पडली. चराई बंद झाली तरी विळ्याने गवत कापून नेण्याची मुभा राहिली. त्यामुळे मोकाट गुरांची जागा दावणीच्या गुरांनी घेतली, दूध वाढले आणि बाहेर गेलेली कुटुंबे परतली. गावाला २००७ साली राष्ट्रीय जलपुरस्कार मिळाला, २०२० साली पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली. गौरवापेक्षाही लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे पाण्याचा हिशेब तेथे चारचौघांत उघड्यावर वाचला जातो.

या तीन गावांत अभियांत्रिकी जवळजवळ तीच होती, जी सोलापूरच्या बांधांमागे होती. फरक माणसांच्या हिशेबात होता. माती राखण्यासाठी आज कोणाला तरी काही सोडावे लागते. मेंढपाळाला कुरण, वरच्या शेतकऱ्याला बांधाखालची जागा, बागायतदाराला ऊस. लाभ येतो तो उद्या, आणि बहुधा दुसऱ्याच्या पदरात. जो सोडतो त्याला उद्याच्या लाभात वाटा मिळेल अशी खात्री ज्या व्यवस्थेने दिली, तेथे माती राहिली. जेथे त्याग एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा असा व्यवहार झाला, तेथे बांध पुन्हा नांगराखाली गेले. मृदसंधारणाचा कायदा, योजना, अनुदान या सर्वांची कसोटी एवढीच आहे.

चराईबंदी या एका शब्दाचा विचार या दृष्टीने पुन्हा करावयास हवा. ग्रामसभेत ठराव होतो तेव्हा हात वर करणारे बहुतेक जमीनधारक असतात. ज्याची सारी मालमत्ता म्हणजे दहा-बारा शेळ्या, त्या कुटुंबाला त्या ठरावाचा अर्थ दुसऱ्याच दिवशी कळतो. सरपण आणि चारा आणण्यासाठी घरातील स्त्रीची पायपीट किती लांबली, याची नोंद कोणत्याही प्रकल्प अहवालात सहजी येत नाही. म्हणून सर्व टेकडी एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करणे, गवत कापण्याचा पहिला हक्क भूमिहीनांना देणे, चर खोदण्याची मजुरी त्यांच्याच हाती पडेल असे पाहणे, या गोष्टी दयेच्या नाहीत. त्या न केल्यास टेकडी टिकत नाही, हा अनुभव आहे.

आता एका अशा विषयाकडे वळणे आवश्यक आहे, जो या सभागृहातील अनेक कुटुंबांच्या अगदी जवळचा आहे. व्यवसायानिमित्त तालुक्याच्या अथवा जिल्ह्याच्या गावी स्थायिक झालेल्या कित्येक घराण्यांची मूळ गावी वडिलोपार्जित शेती आहे. ती स्वतः कसणे शक्य नसते. मग ती वाट्याने, बटईने अथवा खंडाने दिली जाते. बहुधा तोंडी, बहुधा एका वर्षासाठी. यामागे इतिहास आहे. १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनी राज्यातील असंख्य कसणाऱ्यांना जमिनीचे मालक केले. सामाजिक न्यायाचे ते फार मोठे पाऊल होते. परंतु तेव्हापासून जमीनमालकाच्या मनात एक भीती कायमची घर करून बसली, की कागद केला तर कूळ लागेल. म्हणून कागद नाही, म्हणून मुदत नाही, आणि दोन-तीन वर्षांनी कसणारा बदलायचा, अशी रीत पडली.

या रीतीत मालक सुरक्षित राहतो, कसणारा कसाबसा तगतो आणि माती मात्र निराधार होते. ज्याला पुढच्या वर्षी हे रान आपल्याकडे राहील की नाही हे ठाऊक नाही, तो त्यात दहा गाड्या शेणखत का टाकील? शेणखताचा गुण दोन-तीन वर्षे उतरतो. त्याचा मुक्काम एका वर्षाचा. फुटलेली ताल तो का बांधील? हरभऱ्याचा अथवा तागाचा बेवड करून जमिनीला विसावा का देईल? सातबारा त्याच्या नावे नसल्याने पीककर्ज मिळणे त्याला कठीण. सावकाराचे वा कृषी सेवा केंद्राचे उधार फेडायचे तर याच हंगामात अधिकाधिक पीक ओरबाडून घेणे त्याला भाग पडते. त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. दुकानाचा गाळा अकरा महिन्यांच्या कराराने घेणारा कोणीही त्या गाळ्याची भिंत स्वखर्चाने नव्याने बांधत नाही.

तीच गोष्ट सार्वजनिक न्यासांच्या जमिनींची. अनेक देवस्थाने आणि धर्मादाय संस्था यांच्याकडे शेतजमिनी आहेत. दरवर्षी लिलाव होतो, सर्वाधिक बोली करणाऱ्याला वर्षासाठी जमीन मिळते आणि जमाखर्चात ती रक्कम उत्पन्न म्हणून येते. हिशेब चोख असतो. परंतु जो सर्वाधिक बोली करतो, त्याला ती रक्कम त्याच वर्षी मातीतून वसूल करावी लागते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाने न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकण्यास मनाई केली आहे; मुद्दल अबाधित राहावे हाच त्यामागचा हेतू. जमीन विकली गेली नाही, पण तिच्यावरची माती पन्नास वर्षांत निम्मी झाली, तर मुद्दल अबाधित राहिले असे म्हणता येईल काय? कायम निधीला हात लावायचा नाही, व्याजावर कार्य चालवायचे, हे प्रत्येक विश्वस्ताला पाठ असते. शेतजमिनीचा कायम निधी म्हणजे तिची माती.

उपाय अवघड नाहीत. त्याच अधिनियमात न्यासाची शेतजमीन दहा वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्यावर देण्यास पूर्वपरवानगी लागते, असे म्हटले आहे. म्हणजे वार्षिक लिलाव हाच एकमेव मार्ग आहे असे नव्हे. कूळ कायद्यातील तरतुदी जाणत्या वकिलाकडून तपासून घेऊन पाच अथवा सात वर्षांचा लेखी करार करता येतो. त्या करारात ताली दुरुस्त ठेवणे, बांधावर झाडे राखणे, ठराविक वर्षांनी शेणखत अथवा गाळ घालणे, धसकटे न जाळणे अशा अटी घालून त्याच्या बदल्यात खंड कमी घेता येतो. करार संपताना जमीन सुधारली असेल तर कसणाऱ्याने केलेल्या खर्चाची भरपाई मिळावी, अशीही अट असावी. नीती आयोगाने २०१६ साली सुचवलेल्या आदर्श भाडेपट्टा कायद्याच्या मसुद्यातही मालकाची मालकी निर्धोक ठेवून कसणाऱ्याला मुदतीची शाश्वती, कर्ज आणि सुधारणेच्या उर्वरित मूल्याची भरपाई देण्याचा विचार आहे. कायदा होण्याची वाट न पाहता त्यातील तत्त्व प्रत्येक मालकाला अंगीकारता येते.

दुसरी गोष्ट मोजणीची. जमिनीच्या प्रत्येक तुकड्यात दोन-तीन ठिकाणी लोखंडी पहार ठोकून अथवा खड्डा घेऊन मातीची खोली मोजावी, ती जागा आणि तारीख यांसह वहीत लिहावी आणि पाच वर्षांनी त्याच जागी पुन्हा मोजावी. एवढ्या काळात झालेला सूक्ष्म बदल पहारीला कळणार नाही हे खरे. पण उतारावरची जागा आणि ओढ्याकाठची जागा यांतील फरक पहिल्याच वर्षी डोळ्यांत भरेल आणि पुढच्या पिढीच्या हाती आरंभीची शिल्लक लिहिलेली वही राहील. माती परीक्षणातील सेंद्रिय कर्बाचा आकडा त्याच वहीत उतरवावा. जमिनीचा कस घटतो आहे की वाढतो आहे, हे तो आकडा आधी सांगतो. ज्या गावी जमीन आहे त्या गावच्या ग्रामसभेत वर्षातून एकदा तरी मालकाने उपस्थित राहावे, हेही यातच आले. वरच्या शेताचा मालक शहरात आणि खालच्या शेताचा मालक गावात असेल, तर बांधाचा निर्णय कोण कोणाशी करणार?

कापडाच्या दुकानात ताग्यावर ताग्याची थप्पी लागते, तेव्हा त्या सुताचा उगम विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत आहे, हे ग्राहकाला आठवत नाही. व्यापाऱ्याला मात्र आठवायला हवे. कारण कच्चा माल ज्या वखारीतून येतो तिची भिंत ढासळत असताना दुकानाचा गल्ला फार काळ भरत नाही. सुदैवाने ही वखार दुरुस्त करण्याचे तंत्र ठाऊक आहे, त्यासाठी लागणारी अवजारेही साधी आहेत. उणीव आहे ती बांधाच्या दोन्ही अंगांच्या माणसांनी एकत्र बसून, कोण काय सोडणार आणि त्याच्या बदल्यात कोणाला काय मिळणार, हे कागदावर मांडण्याची.

पन्नास वर्षांचे जमाखर्च जपून ठेवणाऱ्या संस्थेच्या कपाटात अशी एक मातीची वही यंदापासून सुरू झाली, तर शताब्दीच्या वेळी ती उघडणाऱ्या विश्वस्तांना निदान एवढे तरी कळेल, की त्यांच्या हाती किती शिल्लक सोपवण्यात आली होती.